अर्धा दिवस दर्यात

चुलीवर भाकर असेल तर असू द्या, तूर निवडत असाल तर निवडत राहा. आमचं बोलणं कानानं ऐकायचं आहे, हातातलं काम सोडायची गरज नाही.

आज आम्ही समुद्राची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, वाशीम जिल्ह्यात समुद्र कुठून आला? आपल्याकडे पैनगंगा आहे, अडाण आहे, अरुणावती आहे, आणि उन्हाळा लागला की त्यांच्या पात्रात पाय भिजवायलाही पाणी शोधावं लागतं. खरंच आहे. पण आमच्या गटाच्या अकरा बाया मागच्या मार्गशीर्षात मालवणला गेल्या, होडीत बसल्या आणि समुद्रात उतरून पाण्याखाली बघून आल्या. फक्त अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसानं घरी आल्यावर काय काय करायला लावलं, ते सांगायचं आहे.

आधी एक प्रश्न. तुम्ही गळ्यापर्यंतच्या पाण्यात शेवटच्या कधी उभ्या होत्या? आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही हा प्रश्न विचारला. चौदा जणींपैकी दोघींनी हात वर केला. एक लहानपणी भावासोबत विहिरीत पोहायची, पण ‘मोठी झाली’ आणि विहीर बंद झाली. दुसरी एकदा पुराच्या पाण्यातून दोर धरून नाला ओलांडून आली होती. बाकी बारा जणींनी आयुष्यभर पाणी भरलं, पण पाण्यात कधी उतरल्या नाहीत.

हा प्रश्न आम्ही का विचारला, तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आठवड्यात, आमच्या शिवारातल्या एका शेततळ्यात अकरा वर्षांचं पोर गेलं. बकऱ्या घेऊन गेलं होतं. तळं प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. कागद ओला, वर शेवाळ. अशा उतारावरून पाय घसरला की वर यायला हाताला काही लागत नाही. जितकं चढावं तितकं खाली यावं. आमच्यातल्या चौघी शेजारच्या वावरात निंदत होत्या. सोबतच्या पोराचं ओरडणं ऐकून त्या धावल्या. एकीनं अंगावरचं लुगडं सोडून फेकलं, ते पुरलं नाही. दुसरी उतरायला गेली तर तीच घसरली, तिला बाकीच्यांनी दंडाला धरून ओढलं. पोर हाती लागलं तेव्हा वेळ निघून गेली होती.

त्यानंतर कितीतरी दिवस त्या चौघी त्या वाटेनं गेल्या नाहीत. बैठकीतही कोणी तो विषय काढत नव्हतं.

आमची एक सहलीची वेगळी पेटी आहे. महिन्याच्या बचतीशिवाय दर महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये त्यात पडतात. तीस महिने झाले, प्रत्येकीचे तीन हजार जमले. कुठं जायचं यावर चर्चा सुरू झाली. कोणी पंढरपूर म्हणालं, कोणी तुळजापूर. तेवढ्यात त्या चौघींमधली एक, जी कधी बैठकीत तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “मले पान्यात उतराचं हाय. पन जिथं कोनी धरनारं असन तिथं.”

कोणी हसलं नाही. मग आम्ही चौकशी केली आणि मालवण ठरलं.

गावात बोलणं झालंच. बचत गटाच्या पैशावर बाया दर्यात डुंबायला चालल्या, असं पारावर कोणी म्हणालं. आम्ही भांडलो नाही. ग्रामसंघाच्या बैठकीत पेटीचा हिशेब वाचून दाखवला. बचतीच्या आणि कर्जाच्या पैशाला हात लागलेला नव्हता, एकही हप्ता थकलेला नव्हता. एकीला घरी विचारलं, “तुले पोहता येते काय?” ती म्हणाली, “नाही येत, म्हनूनच चालली.”

सोयाबीन विकून झालं होतं, हरभरा उगवून आला होता, तूर उभी होती. चार दिवस निघू शकत होते. वाशीमहून अकोला, अकोल्याहून रेल्वेनं पनवेल, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ आणि पुढं एसटीनं मालवण. तिघी येऊ शकल्या नाहीत. एकीची सून बाळंतीण होती, दोघींची कापूस वेचणी राहिली होती. त्यांचे पैसे पेटीत तसेच आहेत.

सकाळी सात वाजता आम्ही मालवणच्या धक्क्यावर गेलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसत होता. आमच्यातल्या आजी, वय एकसष्ट, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “माय व, याले दुसरा काठच नाही.”

होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, पन्नाशीचा होता. तिथल्या मच्छीमाराच्या घरातला. आम्ही विचारलं, भरती कधी, ओहोटी कधी, तुम्हाला कसं कळतं? त्यानं तिथी विचारली. दशमी होती. तो म्हणाला, तिथीला तीननं गुणा आणि चारनं भागा. दाही त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. म्हणजे साधारण साडेसातला पूर्ण भरती, मग सहा तासांनी ओहोटी. हा ठोकळ हिशेब आहे, जागेप्रमाणे पुढेमागे होतो, पण कोकणात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, त्याला भांग म्हणतात. आम्ही चाटच पडलो. आपण चतुर्थी-एकादशी उपासासाठी मोजतो, त्या बाया-माणसांनी तीच तिथी पाण्यासाठी मोजली.

होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट. हे जॅकेट म्हणजे अंगरखाच, आत हलका फोम असतो, तो माणसाला पाण्यावर तोलून धरतो. एका जॅकेटचा पट्टा तुटलेला निघाला. आमची सचिव म्हणाली, हे बदलून द्या. बदलून मिळालं. बायांनो, हे लक्षात ठेवा. जॅकेट घातलं म्हणजे झालं नाही, सगळे पट्टे लावून खांद्याकडून वर ओढून बघायचं. ते हनुवटीपर्यंत वर सरकलं तर ढिलं आहे.

होडी सुटली आणि दोघींना बोट लागली. गाडी लागते तशीच बोट लागते. तांडेलानं सांगितलं, खाली पायाकडं बघू नका, लांब आकाश आणि पाणी मिळतं त्या रेषेकडं बघा. एकीला बरं वाटलं, दुसरीनं ओकून घेतलं आणि मग तिलाही बरं वाटलं. रिकाम्या पोटी बसू नये आणि भरपेटही बसू नये, हे आम्ही तिथं शिकलो.

किल्ल्यावर तास-दीड तास फिरलो. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर 1664 साली शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला, 1667 मध्ये पुरा झाला. पसारा अठ्ठेचाळीस एकरांचा. 2025 साली महाराजांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हाही आहे. पण आम्हा पाणी भरणाऱ्या बायांचे पाय खिळले ते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारट समुद्र आणि मधे गोड पाण्याच्या तीन विहिरी. आजींनी वाकून बघितलं आणि हात जोडले. देवळात जोडतात तसेच.

मग होडी किल्ल्याजवळच्या खडकांकडं गेली. तिथं पाणी उथळ, तळ दिसणारं. आता उतरायचं होतं.

साडीवर पाण्यात उतरायचं नाही, हे आधीच कळवलेलं होतं. साडी पाण्यात फुगते आणि पायात गुंतते. म्हणून आम्ही लेकींचे, सुनांचे पंजाबी ड्रेस आणले होते, ओढणी काढून ठेवली होती. पहिली पाच मिनिटं सगळ्या एकमेकींकडं बघून हसत होत्या. मग हसू थांबलं.

स्नॉर्केलिंग हा शब्द अवघड आहे, काम सोपं आहे. डोळ्यांवर आणि नाकावर घट्ट बसणारा काचेचा मुखवटा लावायचा. नाक बंद होतं, म्हणून श्वास तोंडानं घ्यायचा. तोंडात एक नळी धरायची, तिचं दुसरं टोक पाण्याच्या वर राहतं. पालथं पडायचं, चेहरा पाण्यात, नळी बाहेर. खोल जायचं नसतं, वरवर तरंगत खाली बघायचं असतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावून धुवायची. आमची हसून पुरेवाट झाली, पण उपाय खरा निघाला. नळीत पाणी गेलं तर घाबरायचं नाही, चूल फुंकतो तशी जोरात फुंकर मारायची, पाणी बाहेर.

चूल फुंकण्याचं सांगितलं तेव्हा आमच्या बायांना ते पटकन जमलं. नाकानं श्वास न घेणं मात्र जमेना. म्हणून होडीतच बसून दहा मिनिटं नुसता तोंडानं श्वास घेण्याचा सराव झाला.

पहिली कोण उतरणार? जिनं बैठकीत म्हटलं होतं, तीच. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर ती थांबली. दोन्ही हातांनी शिडी अशी धरली की बोटं पांढरी पडली. पाण्यात शिकवणारा मुलगा उभा होता, विशी-बाविशीचा, हातात मोठी हवेची रिंग. तो काही ओढाताण करत नव्हता. मालवणीत म्हणाला, “भिया नकात. पाणी तुमका धरता. तुमी पाण्याक धरू नकात.”

म्हणजे, घाबरू नका, पाणी तुम्हाला धरतं. तुम्ही पाण्याला धरायला जाऊ नका.

ती तशीच उभी होती. आम्हीही गप्प. मग तिनं एक हात सोडला, रिंग धरली. दुसरा सोडला. जॅकेटनं तिला वर धरलं. तिनं चेहरा पाण्यात घातला, लगेच वर काढला, परत घातला. तिसऱ्या वेळी तिनं तो बाहेर काढलाच नाही. नळीतून तिचा श्वास आम्हाला वरून ऐकू येत होता, आधी भरभर, मग सावकाश.

ती वर आली तेव्हा डोळे लाल होते. खाऱ्या पाण्यानं की कशानं, आम्ही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, “खाली उजेड हाय. मले वाटलं, अंधार असन.”

ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. तीन वर्षं ती ज्या पाण्याकडं बघत होती, ते तिच्या डोळ्यांसमोर काळंच होतं.

मग एकेक करून नऊ जणी उतरल्या. काय बघितलं सांगू? पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे झुंडीनं फिरत होते. काळी काटेरी गोळ्यासारखी समुद्रसाळू, तळाशी निवांत पडलेली समुद्रकाकडी. आणि प्रवाळ. दिसायला दगड किंवा झुडूप, पण तो असंख्य बारक्या जिवांचा मिळून झालेला असतो. त्यांच्या पिढ्या एकावर एक घर बांधत जातात, म्हणून तो वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि एका लाथेनं मोडतो. मालवणच्या समुद्राचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. म्हणून प्रवाळावर उभं राहायचं नाही, तोडायचा नाही, माशांना पाव-बिस्किटं टाकायची नाहीत. गंजीवर पाय देऊन चढलेलं आपल्याला चालतं का? तसंच ते.

उरलेल्या दोघींपैकी एकीला अजून मळमळत होतं. दुसऱ्या आमच्या आजी. त्या म्हणाल्या, “मी नाही उतरत. मी मोजते.” आणि त्या होडीच्या कडेला बसून सतत डोकी मोजत राहिल्या. पाण्यात चार, होडीत सात. पाण्यात तीन, होडीत आठ. शिकवणारा मुलगा म्हणाला, आजी बरोबर करतात, आमचाही नियम तोच. कारण बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याबाहेर नीट येतच नाही. तो गुपचूप जातो. म्हणून ऐकून कळत नाही, मोजून कळतं.

परतीच्या वाटेवर आम्ही आजींना कोरियातल्या बायांची माहिती वाचून दाखवली. तिथल्या जेजू नावाच्या बेटावर हेन्यो म्हणून बाया आहेत. ऑक्सिजनची टाकी न घेता, नुसता श्वास रोखून समुद्रात बुडी मारतात, शिंपले आणि समुद्री वनस्पती काढून आणतात, त्यावर घर चालवतात. 2016 साली त्यांची परंपरा युनेस्कोच्या यादीत गेली. त्यातल्या कितीतरी जणी साठी-सत्तरीच्या. आणि त्या एकेकट्या जात नाहीत, गटानं जातात, एकमेकींवर नजर ठेवून. आजी म्हणाल्या, “म्हनजे त्यायचाही गटच हाय. आनि मोजनारीही असनच.”

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला गेलो. तिथं मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट आहे. 2017 पासून या बाया पर्यटकांना होडीत बसवून कांदळवनाची सफर घडवतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडं, ज्यांच्या मुळांशी मासे आणि खेकडे वाढतात. वल्हं बायांच्या हातात, माहिती सांगणाऱ्याही बायाच. लोणचं-पापडाच्या पलीकडं गट काय करू शकतो, ते आम्ही त्या होडीत बसून बघितलं.

आता घरची गोष्ट. आम्ही परत आलो आणि पुढच्या बैठकीत प्रवाळाबद्दल कमी बोललो, शेततळ्याबद्दल जास्त बोललो. कारण समुद्रात आम्ही न बुडता राहिलो ते काही आमच्या धाडसामुळं नाही. तिथं जॅकेट होतं, रिंग होती, धरणारा होता, मोजणारी होती. आमच्या तळ्याच्या काठावर त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. चौघींच्या हिमतीत कमी नव्हती. दोर नव्हता. हे आम्ही त्या चौघींसमोर, मोठ्यानं, पहिल्यांदा बोललो. त्यातली एक बराच वेळ रडली. बरं झालं.

मग आम्ही शिवारातली शेततळी मोजली. नऊ निघाली. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हापासून गावोगाव तळी वाढली, ते चांगलंच झालं, हरभऱ्याला पाणी मिळालं. पण प्रत्येक तळ्याला काय हवं, ते ऐका.

एक, तारेचं कुंपण आणि दाराला कडी. दोन, चारी बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर, वर खुंटीला पक्का बांधलेला, उतारावरून पाण्यात सोडलेला. घसरलेल्याच्या हाताला गाठ लागली की तो चढू शकतो. तीन, फेकायला काहीतरी तरंगणारं. हवा भरलेली जुनी ट्यूब चालते. नसेल तर पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट, आत थोडंसं पाणी म्हणजे तो लांब फेकता येतो, आणि त्याला पंधरा-वीस मीटर दोर. चार, कोणी बुडत असेल तर पोहता येत नसताना उडी मारायची नाही. आडवं पडायचं, दोर किंवा काठी द्यायची. उडी मारली की एकाचे दोन होतात. पाच, बाहेर काढलेल्याला उलटं धरून गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा, छातीवर दाब द्यायचा आणि 108 ला फोन करायचा. हे आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना बोलावून बाहुलीवर शिकून घ्या, ऐकून नीट येत नाही.

एक सावधगिरी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, म्हणून तिथं अंग सहज तरंगतं. तळ्याचं, विहिरीचं पाणी गोडं, ते तेवढं उचलत नाही. मालवणला तरंगून आली म्हणून कोणी तळ्यात उतरू नये. आम्हीही उतरलेलो नाही.

नऊपैकी पाच तळ्यांवर दोर आणि कॅन लागले आहेत. दोन मालक ‘बघू’ म्हणाले आहेत, दोघांकडं जायचं आहे. लेकींना पोहायला शिकवण्याचं अजून जमलेलं नाही, त्यासाठी सुरक्षित जागा आणि शिकवणारी बाई शोधतो आहोत.

तुमच्या गटाला मालवणला जायचं असेल तर दिवाळीनंतर थंडीत जा, तेव्हा पाणी शांत आणि स्वच्छ असतं. पावसाळ्यात होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. उतरण्याआधी भाव, वेळ आणि शिकवणारे किती, हे विचारून घ्या. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. आणि एक मोजणारी होडीत ठेवा.

जायला जमलं नाही तरी काही बिघडत नाही. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, आपल्या शिवारात तळी किती आणि दोर किती तळ्यांवर? दोन आकडे वहीत लिहा. ते सारखे होईपर्यंत दर बैठकीत वाचा.

ती आमची ताई आता त्या तळ्याच्या वाटेनं जाते. तिथला दोर तिनंच बांधला आहे. दर आठवड्याला गाठी ओढून बघते आणि येताना आजींना सांगून येते, “पक्की हाय.”

बरं बायांनो, भाकर करपली नसेल अशी आशा. नमस्कार.